एकवीसच्या जागी बारा

प्रतापदादा बोलता बोलता समोरच्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवायचा. म्हशींच्या बाजारात व्यापारी जनावराच्या पाठीवरून फिरवतो तसा. त्या दुपारी तो हात दस्तगीरचाचांच्या जावा मोटरसायकलवर फिरत होता आणि मला त्या हाताचीच शिसारी आली. बोटं गुबगुबीत, त्यात तीन अंगठ्या, आणि येताना कुठंतरी वडे हाणून आल्यामुळं सगळी तेलकट. चाचा ती टाकी रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे. तिच्या लाल रंगावर आता पाच ठसे उमटले होते.

"भूपाल, ही मला पाहिजे," तो म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला तो नव्हताच.

"चाचा विकत न्हाईत, दादा. तुम्ही तीनदा विचारलंय त्यांना."

"मी विचारलंय. तू कुठं विचारलंयस?"

त्यानं तोंडातलं वेलदोड्याचं साल माझ्या फरशीवर थुंकलं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पडद्याकडं बघत होतो. पडद्यावर काय होतं ते सांगतोच, पण आधी हा माणूस कोण आणि ती गाडी कुणाची ते सांगायला हवं.

प्रतापदादा सांगलीचा बांधकामवाला. बायपास रस्त्याला त्याची एक मोठी शेड होती आणि तिच्यात चौदा जुन्या मोटरसायकली ओळीनं उभ्या होत्या. चालवत एकही नव्हता. पाहुणे आले की झाकणं काढायची, फोटो झाले की परत घालायची. त्या शेडसाठी त्याला एक मिस्त्री हवा होता. माझं गॅरेज मिरजेत मार्केटच्या मागं, दहा बाय दहाचं, पत्र्याचं, गटाराला चिकटून. दिवसभर नाकाला रुमाल बांधून मी स्कुटरींचे कार्बुरेटर धुवायचो. मला ती शेड हवी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं माझ्याबद्दल कुणाचा चांगला ग्रह व्हायला नको.

दस्तगीरचाचा तंबोरे बनवायचे. त्यांचा बाप तेच करायचा, आजाही तेच. त्यांच्या हातचा तंबोरा घ्यायला धारवाडपासून लोक येत, आणि येत ते मुख्यतः जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा, आणि तो धागा अशा जागी थांबवायचा की तार नुसती वाजत नाही, मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी घुमायला लागते. तसं झालं की जवारी खुली. धागा जरा इकडंतिकडं झाला की बंद. सूर तोच राहतो, पण मेलेला. ती जागा मोजायला पट्टी नाही, की काटा नाही. कान पाहिजे.

तोच कान त्यांनी जावाला लावला होता. सहासष्ट सालची गाडी, त्यांनी तरुणपणी घेतलेली. मंगळवेढ्याकडून तंबोऱ्याचे वाळलेले भोपळे जाळीत बांधून ते हिच्यावरूनच आणायचे. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची हे ठरवणारे दोन चिमुकले पॉइंट असतात. चाचा त्या दोन्हींच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटावरचा पारदर्शक कागद धरायचे, इंजिन हातानं सावकाश फिरवायचे आणि कागद सुटला त्या क्षणाला खूण करायचे. मग गाडी सुरू करून डोळे मिटून ऐकायचे. मला ही विद्या त्यांनीच शिकवली. माझा बाप गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि त्याचे पान्हे विकून हॉटेलात कामाला लागणार होतो. चाचा आले, जावा माझ्यासमोर उभी केली आणि म्हणाले, "हिचं काम आजपासून तू करायचं." मिरजेत त्यानंतर मला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला तेव्हाच सांगितली होती. त्यांच्या वडिलांचा कान पासष्टीला गेला. घरातल्या सगळ्यांना कळलं, गल्लीला कळलं, त्यांना एकट्यांना कळलं नाही. आणि एवढ्या मोठ्या कारागिराला तोंडावर सांगणार कोण? दोन वर्षं ते बंद जवारीचे तंबोरे देत राहिले आणि लोक मान राखून घेऊन जात राहिले. ते वारल्यावर एकेक तंबोरा परत आला. चाचा म्हणाले होते, "आमच्यातलं कुणी बोलणार न्हाई, भूपाल. तू परका, आन तुला गाडीचं कळतंय. माझा कान गेला की तू सांगायचं. लाजायचं न्हाई." मी त्यांच्या गळ्याची शपथ घेतली होती.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दहा-दहा किका मारणं जमेना. बाजारात मिळणारे नवे पॉइंट दोन महिन्यांत झिजत. म्हणून मीच त्यांच्या मागं लागलो, की हे काढून टाकू आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू. पुण्याहून सामान मागवलं. पॉइंटच्या जागी एक चुंबक आणि एक सेन्सर, सीटखाली काडेपेटीएवढा डबा. इंजिन किती वेगात असताना ठिणगी किती अंश आधी पडायची, ते लॅपटॉपवरच्या तक्त्यात भरायचं आणि वायर लावून डब्यात उतरवायचं. वरचं झाकण जुनंच. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही.

"आन कागद कुठं घालायचा?" चाचांनी विचारलं.

"कागदाचं काम संपलं, चाचा."

"मग तुला ठेवून तरी काय करायचं?" ते हसले.

गाडी अर्ध्या किकेत सुरू झाली. चाचा खूश. आठ दिवसांनी परत आले.

"सुरू झ्याक होतीया. पन चाळीसच्या फुडं बंद वाटती."

"बंद पडते?"

"पडत न्हाई रे. सूर तोच हाय, जवारी गेलीया."

ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा टायमिंगचा दिवा मी लावून बघितला. गाडी जागेवर सुरू असताना खुणेला खूण तंतोतंत जुळत होती. मी म्हणालो, "चाचा, हा तंबोरा न्हाई." ते गेले. चार दिवसांनी परत तेच, वर सायलेन्सर नको तितके तापतात म्हणाले. मी परत दिवा दाखवला. मला त्यांचा थोडा रागही आला होता, हे कबूल करतो. तिसऱ्या खेपेला गाडी माझ्याकडं ठेवूनच गेले. आणि त्या दुपारी मी पहिल्यांदा लॅपटॉपवरचा तक्ता खालपर्यंत नीट वाचला.

तीन हजार फेऱ्यांच्या खान्यात मी एकवीस अंशांच्या जागी बारा टाकले होते. खालच्या सगळ्या ओळी वरच्या ओळीची नक्कल करून भरल्या होत्या, त्यामुळं तिथून पुढं सगळीकडं बाराच. गाडी जागेवर असेपर्यंत सगळं बरोबर, वेग घेतला की ठिणगी उशिरा. माझा दिवा बघत होता ती जागा बरोबर होती आणि चाचा ऐकत होते ती चुकीची. त्यांनी डोळे मिटून पहिल्याच खेपेला जे पकडलं होतं, ते मला मशीन हातात असून तीन आठवडे दिसलं नव्हतं.

मी चूक सुधारायला बोट उचललं आणि नेमका त्याच वेळी प्रतापदादा आत आला. जुन्या गाड्यांत वावरून त्यालाही थोडंफार कळत होतं. त्यानं खोदून खोदून विचारलं आणि मी मूर्खासारखं सगळं सांगितलं. माझीच फजिती म्हणून, हसत हसत.

तो हसला नाही. टाकीवरून हात फिरवत राहिला.

"राहू दे की तसंच," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे बोट खाली घे. तू काय चोरी करायलायस? चूक झालीया, ती हाय तशी ठेवायची. म्हातारा चार दिस चालवंल, वैतागंल, आपसूक विकंल. चांगला भाव देतो मी, लुबाडत न्हाई." मग माझ्याजवळ वाकून म्हणाला, "शेडची किल्ली एक तारखेपास्नं तुझ्याकडं." वेलदोडा आणि वड्याचं तेल यांचा मिळून एक वास माझ्या तोंडावर आला आणि मला मळमळलं.

मळमळलं, पण बोट मी खाली घेतलं. त्याला शिव्या घालणं सोपं आहे आणि आजवर मी पुष्कळ घातल्या आहेत. पण त्यानं माझा हात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला चाचा आले. नेहमीसारखे बाकड्यावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"सापडलं काय?"

"काही नाहीच, चाचा. सगळं बरोबर आहे."

"नीट बघितलंस न्हवं?"

मी लॅपटॉप फिरवून त्यांच्याकडं केला. पडद्यावर एकवीसचा तक्ता होता. तो मी सकाळी मुद्दाम वेगळा तयार करून ठेवला होता. डब्यात बाराच होते. आलेखाची हिरवी रेघ वर चढत गेलेली, सुरेख. मी तिच्यावरून बोट फिरवून त्यांना समजावून सांगितलं. केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा.

चाचांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते त्या रेघेकडं मान वाकडी करून बघत राहिले. मग त्यांनी लॅपटॉपकडं पाठ केली.

"भूपाल, तुला एकदा बोललो हुतो. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग सांग आता. लाजू नको. गाडी बरोबर हाय, मला बंद ऐकू येती. म्हंजे कान गेला का माझा?"

रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत मला वेळ होता. एवढा वेळ माणसाला पुरेसा असतो, कमी पडला असं मी म्हणणार नाही.

"वय झालं, चाचा," मी म्हणालो. "होतं असं."

मला वाटलं होतं, गाडीबद्दल बोलतील. माझी सगळी तयारी गाडीपुरतीच होती. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मी तंबोऱ्यांचा विचारच केला नव्हता.

"परवा धारवाडच्या बाईंचा तंबोरा दिला," चाचा म्हणाले. "मला खुली वाटली हुती जवारी. लई खुली." त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघितलं. "त्या बी काय बोलल्या न्हाईत. मान राखला असंल."

बोलायला अजूनही उशीर झाला नव्हता. मी पान्हे पुसू लागलो. चाचा जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती."

आठवड्यात गाडी विकली गेली. "आता ऐकूच येत न्हाई तर ठेवून काय करायचं," एवढंच त्यांनी प्रतापदादाला सांगितलं. मी शेडमध्ये गाडी घेतली, वायर लावली आणि बाराच्या जागी एकवीस टाकले. मिनिट लागलं नाही. बायपासवर चाळीसच्या पुढं नेली तर जावा अशी घुमायला लागली की मलासुद्धा कळलं. प्रतापदादानं टाळी वाजवली. मी शेडच्या मागं जाऊन ओकलो आणि पित्त झालंय म्हणून सांगितलं.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. चाचा जाऊन चार झाली. प्रतापदादा ठणठणीत आहे, अजून वडे खातो, आणि शेडची किल्ली माझ्याच कमरेला आहे. त्याच्या चाकरीत आहे आणि त्याच्याबद्दल हे असं लिहितोय. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतील लोक. म्हणोत बापडे. या घरचं खाल्लेलं मला कधी पचलं नाही.

पण एकदा मी खरं बोललो होतो. त्याचं काय झालं तेवढं सांगायचं राहिलं आहे.

विक्री होऊन तीन आठवडे झाले असतील. आरटीओच्या फॉर्मवर चाचांची एक सही राहून गेली होती. प्रतापदादा म्हणाला, "जावाच घेऊन जा, म्हाताऱ्याला बरं वाटंल." त्याला खरोखरच तसं वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात ओंगळ. मी गेलो. गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करून ढकलत न्यायची असं मनाशी ठरवलं होतं, आणि ऐन वेळी तसं केलं नाही. मला पकडलं जायचं होतं. सुरू गाडी त्यांच्या दारापर्यंत नेली, मुद्दाम मुठीला पीळ देऊन.

चाचा उंबऱ्याशी खुंट्यांना लाखेचं पॉलिश करत बसले होते. हे नवशिक्यांचं काम. आत त्यांचा मुलगा यासीन मांडीवर तंबोरा घेऊन घोडी घासत होता आणि त्याच्यासमोर सूर दाखवणारा मोबाईल उभा करून ठेवलेला होता. यासीन पस्तिशीचा, कष्टाळू, पण कामात साधा. चाचांची कानस त्याच्या हातात होती.

चाचांनी मान वर केली. डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे. मी गाडी बंद करेपर्यंत मिटलेलेच होते.

"खुली वाटायला लागली की रे," ते म्हणाले. मग हसले. "म्हंजे कायतरी बिघडलं असंल तिचं. बघून घे."

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. बारा, एकवीस, प्रतापदादा, शेड, लॅपटॉपवरचा खोटा तक्ता. एकही गोष्ट लपवली नाही. यासीनचा हात थांबला होता. चाचा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी वाट बघत होतो की आता लाखेचं भांडं माझ्या तोंडावर येईल. आलं असतं तर मी ते पुसलंही नसतं.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तुझा बाप असाच हुता," ते म्हणाले. "दुसऱ्याचं मन राखायला आपल्यावर घ्यायचा."

"चाचा, मन राखत नाही मी. खोटं बोललो होतो तुमच्याशी. तुमचा कान शाबूत आहे."

"बरं बरं."

"थांबा, लॅपटॉप आणतो. डोळ्यांनी बघा."

"त्या दिवशी बी डोळ्यांनीच बघितलं की."

"मग ऐका तरी. बारा घालून ऐकवतो, एकवीस घालून ऐकवतो. तुम्हीच सांगा कुठलं कुठलं."

"ऐकून मला काय कळणार, पोरा?" ते इतक्या मायेनं म्हणाले की मला माझ्या अंगाची किळस आली, कातडीसकट. "माझ्या बापानं बी असंच कान शाबूत हाय म्हणून धरून ठेवलं. आन दोन वर्षं लोकांना फसवलं. तू मला त्यातनं सोडवलंस. आता परत नको घालू."

यासीन माझ्याकडं टक लावून बघत होता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता, ते मला त्याच्या नजरेत दिसलं. पण तो बापाच्या पुढं बोलणारा नव्हता. त्यानं मान खाली घातली, धागा सरकवला आणि तारा छेडल्या. मोबाईलवर हिरवा ठिपका आला. त्यानं बापाकडं बघितलं. चाचांनी तंबोऱ्याकडं पाहिलंच नाही, ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"भूपाल, तू सांग. खुली हाय का बंद?"

मला तंबोऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. खुली म्हटलं असतं तर ते खुली मानणार होते, बंद म्हटलं असतं तर बंद. यासीननं परत तारा छेडल्या.

"मला नाही कळत, चाचा," मी म्हणालो.

"मला बी न्हाई," चाचा म्हणाले, आणि सही कुठं करायची ते दाखव म्हणाले.